नऊ किमी

होळी झाली की बॉक्स माझ्या पडवीत निजतात,
चार मोठे, दोन मॉनिटर, आणि एक म्हातारा
ज्याच्या फाटक्या पडद्याला मी सायकलचं पंक्चर लावलंय.
पंधरा हंगाम नाटकांना साऊंड दिला,
मंडईच्या रात्री, सिंदेवाही ते सानगडी.
नायिका रडली की थोडा इको सोडायचा,
खलनायक हसला की जास्त.
स्वतः माइकवर बोललो ते एवढंच:
हॅलो. एक. दोन. तीन.
तीनच्या पुढं कधी गरज पडली नाही.

परवा कापगते मास्तरांची भुमेश्वरी आली,
मुठीत पेन ड्राइव्ह,
जसं कुणी आजारी पिल्लू आणावं कोंबडीचं.
"काका, जपानचा बँड हाय यात. पन गानारा नाई."
"मेला का वं?"
"जित्ता हाय. त्यानंच आवाज काढून घेतला आपला.
ज्याइले गानी पाठ हायत, त्याइनं म्हनावी म्हनून."

आवाज गेलेल्या वस्तू माझ्याकडे नेहमीच येतात.
ही पहिली, जी कुणी मुद्दाम अशी करून पाठवलेली.

लांजेवारांची राईस मिल रिकामी होती,
उन्हाळी धान अजून बांधीत.
भिंतीशी तुसाचा ढीग, छतापर्यंत,
आवाज प्यायला चांगला.
दोन बॉक्स लावले.
ड्रम आले ते थेट फासळ्यांत,
गिटार, ओल्या सागवानात करवत अडकावी तशी,
आणि मधोमध एक जागा मोकळी,
पंगतीतून कुणी उठून गेल्यावर
पत्रावळीपुढं राहते तेवढीच.
मी सवयीनं वायर हलवून पाहिली.

तिच्या भूगोलाच्या वहीत, मागून,
जपानी होती, देवनागरीत, निळ्या शाईनं.
श्वास घ्यायच्या जागी लाल टिंबं.
दर दोन ओळींनी एक शब्द: किमी.
"कुठलं अंतर लिवलं हे?"
ती हसली, तोंडावर वही धरून.
"किमी म्हंजे तू, काका. तिकडं."

पहिल्या ओळीला ती मागं राहिली,
दुसरीला पुढं निघून गेली,
तिसरीला जागा सापडली तिला, आणि बसली.
यादोराव हमाल खर्रा घोटता घोटता थांबला.
"का म्हन्ते गा पोट्टी?"
"तू म्हन्ते. तू, तू."
"म्या का केलं?"

आणि लाईन गेली.
बँड परत गेला समुद्रापलीकडं,
पंख्याची पाती अंधारात फिरत राहिली थोडा वेळ.
तिचे डोळे मिटलेले होते.
लाईन गेल्याचं तिला कळलं की नाही, माहीत नाही.
ती गात राहिली.
आधी सगळं होतं, गाणारा नव्हता.
आता गाणारी होती, बाकी काही नाही.
पंधरा हंगामांत मी ऐकला नव्हता
बटण न लावलेला आवाज:
कोरडा, ओळीच्या टोकाला जरा वाकडा,
तुसात शिरून परत न येणारा.

शेवटच्या ओळीवर लाईन आली.
पेन ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून सुरू,
ड्रम धाडकन तिच्या अंगावर.
ती दचकली, वही पडली, तूस उडालं,
यादोराव खोकत खोकत हसला.
"परत?" तिनं विचारलं.
परत लावलं. चारदा लावलं.

बॉक्स मिलमध्येच ठेवून रात्री निघालो.
वळणावर हेडलाइटमध्ये दगड आला, पांढरा,
चुना उडालेला:
लाखांदूर, आणि खाली, ९ किमी.
या रस्त्यानं किती वेळा गेलो असेन.
गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं.
बांधीतल्या बेडकांशिवाय कुणी नव्हतं.
हॅलो, म्हटलं दगडाला.
एक. दोन. तीन.

चार.

चारला आवाज फाटला.
नऊपर्यंत गेलो नाही.